अंतराचे खरे माप

दुकान, दवाखाना आणि कचेरी गावापासून किती दूर आहे, हा प्रश्न वरवर पाहता भूगोलाचा वाटतो. वस्तुतः तो न्यायाचा आहे. २०११ च्या जनगणनेबरोबर सिद्ध झालेल्या ग्रामनिर्देशिकेत गावोगावी शाळा, दवाखाना, टपाल कचेरी, बँक, आठवड्याचा बाजार आहे की नाही, याची नोंद आहे. सोय नसेल तेथे ती पाच किलोमीटरच्या आत, पाच ते दहाच्या दरम्यान की दहाच्या पलीकडे, एवढेच सांगितले आहे. नोंद उपयुक्त आहे. परंतु तिच्या आधारे धोरण आखावयाचे, तर तिची मर्यादाही ओळखली पाहिजे.

म्हसवडचे उदाहरण घ्यावे. माणगंगेकाठच्या या गावी नगरपरिषद आहे, बाजार आहे. पण तालुक्याची कचेरी दहिवडीस आणि जिल्ह्याची साताऱ्यास. भोवतालचा माणदेश अवर्षणाचा आणि वाड्यावस्त्यांनी विखुरलेला. गावठाणापासून मोजलेले अंतर हे वस्तीवरील म्हातारीचे अंतर नव्हे. कागदावरचे चार किलोमीटर मोटारसायकलवाल्यास दहा मिनिटांचे, डोक्यावर ओझे घेतलेल्या बाईस तासाभराचे, आणि एस. टी. चुकली तर सबंध दिवसाचे. मजुराचा दिवस बुडाला म्हणजे मजुरी बुडाली.

हे मर्म म्हसवडातच एका संस्थेने जाणले. १९९७ साली येथे माणदेशी महिला सहकारी बँक स्थापन झाली. प्रवर्तक स्त्रियांपैकी अनेकजणी निरक्षर, म्हणून रिझर्व्ह बँकेने आरंभी परवाना नाकारला होता. त्या शिकल्या आणि परवाना मिळवून परतल्या. पुढे, रोजंदारीवरील बाई काम टाकून बँकेत येऊ शकत नाही हे ओळखून बँकच तिच्या दाराशी गेली. रस्ता तेवढाच राहिला. अंतर मात्र मिटले.

पॅरिस शहराने २०२० साली पंधरा मिनिटांत गरजेच्या सोयी गाठता याव्यात, असे धोरण पुढे ठेवले. माणदेशाचे पॅरिस करा, असे आमचे म्हणणे नाही. वस्तीगणिक दुकान निघणार नाही, हेही आम्ही जाणतो. परंतु अंतर वेळात मोजावे, एवढा धडा घेण्यास खर्च तो कोणता? शिक्षणहक्काच्या नियमांनी प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत असावी असे ठरविलेच आहे. मग रेशन, औषध आणि निवृत्तिवेतन यांनाच मर्यादा का नसावी?

१ मार्च २०२७ हा संदर्भदिन असलेल्या जनगणनेच्या निमित्ताने नगरपरिषदेने व पंचायत समितीने एवढे करावे. मोजणी गावठाणापासून न करता वस्तीपासून करावी. जाण्यायेण्याचा वेळ, भाडे आणि बुडालेली मजुरी लिहावी. पोहोचल्यावर दार उघडे होते काय, की यंत्राने अंगठा न ओळखल्याने दुसरी खेप पडली, हेही लिहावे. बंद दारापर्यंतचा रस्ता कितीही जवळचा असला, तरी त्यास सोय म्हणता येणार नाही.