४४ नंबरचे गडी

अमेरिकेतल्या सिरॅक्यूज विद्यापीठाचे फुटबॉलशौकीन जुन्या ‘रनिंग बॅक’च्या, म्हणजे चेंडू छातीशी धरून धावणाऱ्या गड्यांच्या, आठवणींत रंगतात. जिम ब्राऊन, एर्नी डेव्हिस, फ्लॉइड लिटल. तिघेही ४४ नंबरचे. यांत श्रेष्ठ कोण, हा वाद केवळ यार्ड मोजून मिटवू नये, असे मला वाटते.

१९५६ साली हाइझमन पारितोषिकाच्या मतदानात ब्राऊन पाचवा आला. १९६१ साली डेव्हिस ते मिळवणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला. १९६३ मध्ये, अवघ्या तेविसाव्या वर्षी, रक्ताच्या कर्करोगाने तो गेला. व्यावसायिक सामना एकही न खेळता.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. म्हणून सांगतो, पहिल्याची धाव यार्डांत मोजता येत नाही. त्याच्यामागून किती जण आले, यावरच ती मोजावी!