पतंग कुणाचा?

मुलांनो, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी वर्गात निम्म्या बोटांना मांज्याच्या चिरा असतात, हे आम्हा फलटणच्या शिक्षकांना पाठच झालंय. यंदा सोबत एक भांडणही आलं. चौथीतल्या एका मुलाचा पतंग दुसऱ्यानं काटला, आणि तिसऱ्यानं पळत जाऊन तो धरला. आता पतंग कुणाचा? ज्याचा होता त्याचा, काटला त्याचा, की धरला त्याचा? मधल्या सुट्टीत तिघंही पतंगासकट माझ्या टेबलाशी हजर!

मला एकदम विजयदुर्ग आठवला. सांगते का ते.

शिडाच्या जहाजांचा काळ होता तेव्हा युरोपात एक रीत होती. युद्धात शत्रूचं जहाज धरलं, की जहाज आणि आतला माल धरणाऱ्यांना वाटून मिळे. सरकार खाजगी जहाजवाल्यांनाही तसा परवाना देई. परवाना असला तर तो लढवय्या, नसला तर चाचा, आणि चाच्याला फाशी! म्हणजे सगळा खेळ कागदाचा. धरलेलं जहाज खरंच शत्रूचं का, हे ठरवायला वेगळं न्यायालय असे. मुंबईतसुद्धा इंग्रजांनी १६८४ मध्ये आरमारी न्यायालय काढलं होतं.

आपल्या किनाऱ्यावर कान्होजी आंग्रे होते, मराठ्यांचे सरखेल. सरखेल म्हणजे आरमारप्रमुख. त्यांचाही कागद होता, त्याला म्हणत दस्तक. पैसे भरून दस्तक घ्या आणि खुशाल जा. नाही घेतलं, तर जहाज आंग्र्यांच्या बंदरात. पोर्तुगीज तर दोनशे वर्षं हेच करत आले होते. पण इंग्रज म्हणत, आमच्या जहाजांना तुमचं दस्तक कशाला? १७१२ मध्ये कान्होजींनी मुंबईच्या गव्हर्नरचं जहाजच धरलं. त्यावर एका इंग्रज अधिकाऱ्याची बायको होती, ती पुढे तीस हजार रुपये खंडणी घेऊन सोडली. इंग्रजांनी कान्होजींना चाचा म्हटलं. आता बघा, साताऱ्याच्या शाहू महाराजांनी त्यांचं सरखेलपद मान्य केलं होतं. राजानं नेमलेला माणूस चाचा कसा? पण आंग्र्यांबद्दल इंग्रजीत जी पुस्तकं लिहिली गेली, त्यांत बहुतेक ठिकाणी तोच शब्द राहिला.

१७२९ मध्ये कान्होजी गेले. पुढे विजयदुर्ग त्यांच्या मुलाकडे, तुळाजीकडे आला. तुळाजी शूर, पण पेशव्यांना जुमानत नव्हता, हेही खरं. तेव्हा नानासाहेब पेशव्यांनी त्याला मोडायला चक्क इंग्रजांची मदत घेतली. घरच्या भांडणात शेजाऱ्याला बोलवावं, तसं झालं ते.

फेब्रुवारी १७५६. ॲडमिरल वॉटसनचं आरमार आणि क्लाइव्हची फौज मुंबईहून निघायची होती. हा तोच क्लाइव्ह, पुढच्या वर्षी प्लासी जिंकणारा. किल्ला अजून दिसलाही नव्हता, आणि मुंबईत बैठक कसली बसली? लुटीच्या वाटणीची! ॲडमिरलचा हिस्सा किती, कप्तानांचा किती. क्लाइव्हला जहाजाच्या कप्तानाएवढाच वाटा मिळणार म्हणून फौजेचे अधिकारी नाराज झाले. तेव्हा वॉटसननं आपल्या वाट्यातून भर घालायची तयारी दाखवली. या सगळ्या वाटणीत पेशव्यांचं नाव कुठेच नव्हतं.

इकडे पेशव्यांची फौज जमिनीकडून वेढा घालून बसली होती. तुळाजी बोलणी करायला त्यांच्या छावणीत गेला, आणि हे कळताच इंग्रजांनी घाई केली. १२ फेब्रुवारीला तोफांचा मारा झाला. तोफगोळ्यानं एका जहाजाला आग लागली, आणि कडेला बांधून ठेवलेलं आंग्र्यांचं आरमार जळून गेलं. कान्होजींनी उभं केलेलं ते सगळं एका दिवसात. रात्री क्लाइव्हनं आपली माणसं किल्ला आणि मराठी छावणी यांच्या मधे उतरवली. का? तर दोस्तांनी आधी आत शिरू नये म्हणून! दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. आत सुमारे दहा लाख रुपयांचा ऐवज सापडला. तो इंग्रजांनी आपापसात वाटून घेतला.

पेशवे रागावले, पत्रं गेली. अखेर ऑक्टोबर १७५६ च्या तहात विजयदुर्ग परत मिळाला, पण त्याबदल्यात बाणकोट इंग्रजांना द्यावं लागलं. रुपये काही परत आले नाहीत. जळालेली जहाजं तर कुठून येणार?

आणि तुळाजी? त्याला पेशव्यांनी कैदेत ठेवलं. त्याच्या कैदेच्या जागांपैकी एक आपल्याच जिल्ह्यात आहे, वंदन किल्ला. सातारा-वाईकडे जाताना चंदन-वंदन ही जोडी लांबून दिसते. मी वर गेले होते तेव्हा चारी बाजूंना नुसते डोंगर दिसले. समुद्रावर वाढलेल्या माणसाला तिथे कसं वाटलं असेल, असं मनात आलं.

हे सगळं मी वर्गात सांगितलं. मग पतंग काटणारा मुलगा हळूच म्हणाला, "बाई, पण पतंग तर आता तुमच्याच कपाटात आहे."

आहे खरा. तिघांचा निवाडा अजून व्हायचाय. तुम्ही काय केलं असतं? आईबाबांनाही विचारा, आणि मला पत्रानं कळवा.