बुद्धीची भूक

दिवाळीनंतरची गोष्ट. आमच्या घरच्या मोतीने दुकानाच्या खरेदीची बिले कुरतडली. त्याआधी सोफ्याची उशी फाडून झाली होती, आणि त्याच्या दिवसभराच्या भुंकण्याबद्दल सोसायटीचे पत्रही आले होते. चिरंजीव वैतागून म्हणाला, "बाबा, याला एखाद्या शेतावर देऊन टाकू या." नातीच्या डोळ्यांत पाणी आले. मी पंधरा दिवसांची मुदत मागून घेतली.

पशुवैद्यांनी तपासून सांगितले, "प्रकृती उत्तम आहे. याला काम नाही, हाच याचा आजार." विचार करता ते पटले. वास घ्यावा, माग काढावा, शोधून खावे, हा कुत्र्याचा जन्मजात व्यवसाय. आपण भरलेले भांडे पुढे ठेवतो. दोन मिनिटांत पोट भरते आणि उरलेला दिवस रिकामा राहतो. निवृत्तीनंतरचे पहिले वर्ष मला आठवले. पेन्शन वेळेवर जमा होत होती, पण दुपार सरत नव्हती.

मग कोड्यांच्या खेळण्यांची माहिती घेतली. आरंभ घरातूनच केला. जुन्या टॉवेलच्या घडीत त्याच्या नेहमीच्या खाण्याचे दाणे गुंडाळून ठेवले; नाकाने घडी उलगडत तो दहा मिनिटे रमला. नंतर आतून पोकळ असे रबरी खेळणे आणले. 'काँग' नावाचे असे खेळणे अमेरिकेत 1970च्या दशकात निघाले. मोटारीचा रबरी भाग चघळणारा स्वतःचा कुत्रा पाहून जो मार्कहॅम यांना ते सुचले. त्यात आम्ही शिजवलेला लाल भोपळा आणि भात दाबून भरतो. तिसरा प्रकार सरकत्या झाकणांच्या पाटाचा. नीना ओटोसन या स्वीडिश बाईंनी अशी कोडी लोकप्रिय केली.

निवड करताना काही नियम पाळावेत. खेळणे तोंडात पूर्ण मावेल इतके लहान नसावे आणि त्याला सुटे होणारे बारीक भाग नसावेत. रबरावर नख दाबले असता किंचित रुतावे. त्याहून कठीण वस्तूने दात तुटू शकतो. पहिले कोडे सोपेच द्यावे. न सुटणाऱ्या कोड्याने कुत्रा चिडतो किंवा नाद सोडतो. पाटाचे कोडे कोणी जवळ बसलेले असतानाच द्यावे आणि खेळ संपताच उचलून ठेवावे, अन्यथा तो प्लास्टिकच चावू लागतो. तीन-चार खेळणी आलटूनपालटून दिली की नावीन्य टिकते. खेळण्यातील खाऊ रोजच्या खाण्यातून वजा करावा. नाहीतर बुद्धी वाढण्याऐवजी वजनच वाढेल.

आपल्या घरांसाठी एक इशारा मुद्दाम देतो. कांदा-लसूण कुत्र्याला विषारी. ते आपल्याकडे बहुधा नसतातच. परंतु सुक्या मेव्याचा डबा हाताशी असतो आणि मुले प्रेमाने बेदाणे भरवतात. द्राक्षे, मनुका, बेदाणे यांनी कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते. चॉकलेटही वर्ज्य. काही शुगरफ्री पदार्थांत झायलिटॉल असते, तेही घातक. चुकून यांपैकी काही खाल्ले गेल्यास लक्षणांची वाट न पाहता डॉक्टरांना गाठावे.

अर्थात कोडी म्हणजे फिरण्याला किंवा सोबतीला पर्याय नव्हे. मोतीचे सकाळ-संध्याकाळचे फिरणे आता माझ्याकडे आहे. पांजरपोळांना आपण सढळ हाताने देणगी देतो. पण दाराआडच्या मुक्या जिवाचा दिवस कसा जातो, हे पाहणे हीसुद्धा जीवदयाच आहे.

मोती साधू झाला, असे नव्हे. मागच्या आठवड्यात माझी एक चप्पल गेली. परंतु भुंकणे पुष्कळ कमी झाले आणि शेताचा विषय पुन्हा निघाला नाही. दुपारी मी शब्दकोडे घेऊन बसतो, तो त्याचे कोडे घेऊन. बहुतेक वेळा त्याचे आधी सुटते.