नोव्हेंबरमध्ये झोपेचंही विचारा

जबलपूरच्या कमानिया गेटखालून दसऱ्याच्या गर्दीत जायचं म्हटलं की आमचे हे घरातूनच निघत नाहीत. सैन्याच्या सिग्नल्समधून निवृत्त झालेले सुभेदार. रात्री तीनला उठून फाटकाची कडी तपासतात. ‘फौजी माणूस, त्याला काय होतंय!’ असं शेजारी म्हणतात आणि हे आणखीच गप्प होतात. मुलीने मैत्रिणींना घरी आणणं सोडलं, त्याची नोंद कुठल्याच कागदावर नाही.

ग्रेनेडियर्स, जम्मू-काश्मीर रायफल्स, सिग्नल्स या सगळ्यांची प्रशिक्षण केंद्रं जबलपुरात आहेत, त्यामुळे निवृत्तांची घरंही पुष्कळ. मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक 2022 पासून चोवीस तास चालतो; सैन्यासाठी पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात (एएफएमसी) डिसेंबर 2023 मध्ये वेगळा कक्षही सुरू झाला. चांगलंच झालं. पण आपणहून फोन लावणारा फौजी विरळाच.

पेन्शनसाठी हयातीचा दाखला मात्र दर नोव्हेंबरला द्यावाच लागतो. त्याच वेळी समुपदेशकाने झोप, दारू, राग यांबद्दल विचारावं. उत्तरांचा पेन्शनशी संबंध नाही, हे लेखी द्यावं. आणि बायकोला वेगळ्या खोलीत बसवून विचारावं. यांच्यासमोर मी खरं सांगणार नाही.