ढोलवाला कुठेय?

वीकेंडला तोरणमाळ म्हटलं की यशवंत तलाव, सीताखाई आणि भरपूर फोटो, एवढंच डोक्यात असतं. पण होळीच्या दिवसांत सातपुड्याच्या या पट्ट्यातला पावरा-भिल्लांचा नाच एकदा बघाच! मला त्यात सगळ्यात आवडतो तो ढोलवाला. तो कोपऱ्यात नसतो, नाचणाऱ्यांमध्येच असतो.

शहरातल्या स्टेजवर मात्र नाच लक्षात राहतो आणि संगीतकार विसरला जातो. विष्णुदास शिराली हे नाव ऐकलंय? विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य. १९३०च्या दशकात उदय शंकर यांच्या नृत्यमंडळाने युरोप-अमेरिका गाजवली, तेव्हा त्या नाचांसाठी संगीत रचणाऱ्यांत ते होते. १९४८च्या 'कल्पना' या सिनेमाचं संगीतही त्यांचंच. २०१२ मध्ये त्याची नव्याने दुरुस्त केलेली प्रिंट कान महोत्सवात दाखवली गेली. तरी आपल्याला आठवतात ते उदय शंकर!

ऑफिसात तरी वेगळं काय? प्रेझेंटेशन एक जण देतो, एक्सेल शीट दुसऱ्याने रात्र जागून केलेली असते. पुढच्या मीटिंगला त्याचंही नाव पहिल्या स्लाइडवर टाका, बॉस. टाळ्या थोड्या वाटल्या जातील, इतकंच.