रुग्णाचे दप्तर रुग्णालाच बंद?

संपादक महाशय,


रुग्णाची कागदपत्रे त्याच्या हाती दिल्यास गोपनीयतेचा भंग होतो, हे गतांकातील पत्रलेखकांचे प्रतिपादन मला सर्वथा अग्राह्य वाटते. कारण गोपनीयता रुग्णाच्या रक्षणार्थ असून, त्याचे गुपित त्रयस्थांपासून राखावयाचे असते, खुद्द त्याच्यापासून नव्हे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनी आंतररुग्णांचे दप्तर उपचारारंभापासून ३ वर्षे जतन करणे आणि रुग्णाने वा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागणी केल्यास ७२ तासांच्या आत कागदपत्रे देणे, ही दोन्ही कर्तव्ये डॉक्टरांवर सोपविली आहेत. खरा धोका खाटेशी उघडा टांगलेल्या तक्त्यात आणि बाहेरच्या दालनात मोठ्याने पुकारल्या जाणाऱ्या रोगनिदानात आहे. तेथे रुग्णालयांनी बंदोबस्त करावा आणि रुग्णाच्या अर्जावर नक्कल मात्र विनाविलंब द्यावी, ही आग्रहाची विनंती.

आपला,
एक वाचक