जेवणाचा पैसा हा शिक्षणाचाच पैसा

यंदांही गांवोगांवचीं मुलें-मुली पुण्यास, कोल्हापुरास, नागपुरास कॉलेजांत गेलीं. फीसाठीं कोणी सोसायटीचें कर्ज काढलें, कोणी कालवड विकली, कोठें सुताराच्या घरीं आईच्या कानांतलें गहाण पडलें. फी भरली, पुस्तकें घेतलीं, खोलीचें भाडें ठरलें. परंतु मूल तेथें रोज काय खाणार, याचा हिशेब किती घरांनीं मांडला? आमच्या हाताखालून गेलेलीं मुलें सुट्टींत भेटावयास येतात, तेव्हां त्यांचीं बसलेलीं गालफडें पाहूनच आम्हांस उत्तर मिळतें.

मूल चैनी आहे, असें नव्हे. बापाचें कर्ज त्यास ठाऊक असतें. फी कमी होत नाहीं, भाडें कमी होत नाहीं. आपल्या हातानें कमी करतां येतें तें फक्त पोट. म्हणून तें मेसचें जेवण एकच वेळ लावतें आणि दुसरी वेळ चहा-वडापावावर काढतें. घरचा फोन आला कीं "जेवलों" म्हणून सांगून मोकळें होतें. ही काटकसर मायेपोटीं असेल; पण ती पेरणीचें बियाणें दळून खाण्यासारखी आहे. रिकाम्या पोटीं रात्रीं वाचलेलें सकाळीं डोक्यांत राहील काय?

आपल्या थोरांनीं हें ओळखलें होतें. खेड्यांतल्या पोरास शहरांत राहण्या-जेवण्याची सोय नसेल, तर शाळा असून नसल्यासारखी. म्हणून शाहू महाराजांनीं १९०१ सालापासून कोल्हापुरांत जातीजातींच्या मुलांसाठीं बोर्डिंगें उभीं केलीं. भाऊराव पाटलांनीं १९२४ सालीं साताऱ्यास बोर्डिंग काढलें. तेथें सर्व जातींचीं मुलें एका पंक्तीस बसलीं, आणि त्यांच्या पोटासाठीं लक्ष्मीबाईंनीं दागिने मोडले, मंगळसूत्रहि विकलें. त्या माउलीनें तें भाकरीसाठीं विकलें, हें ध्यानांत ठेवावें.

मुलींविषयीं तर अधिकच जपावें. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील १५ ते ४९ वर्षांच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगीं रक्त कमी आढळलें. पालेभाजी, कडधान्य, वर लिंबाची फोड, आणि चहा जेवणाबरोबर न घेतां तासाभरानें, एवढें सांभाळलें तरी पुष्कळ. तरीहि थकवा व धाप राहिली, तर सरकारी दवाखान्यांत रक्त तपासून घ्यावें.

दुसरी अडचण लाजेची. चारचौघांत भाकरीचा डबा उघडण्यास आपलें मूल लाजतें आणि नूडल्सची पुडी विकत घेतें. बाबांनो, २०२३ हें साल संयुक्त राष्ट्रांनीं ज्वारी-बाजरी-नाचणीसारख्या धान्यांचें म्हणून पाळलें! जें आपल्या कणगींत आहे, तेंच शहरांत चकचकीत पाकिटांतून चढ्या भावानें विकलें जातें. मग लाज कसली?

तेव्हां घरच्यांनीं इतकें करावें. मुलास स्पष्ट सांगावें कीं, जेवणाचा पैसा वांचवूं नकोस. तो फीइतकाच शिक्षणाचा पैसा आहे. गांवाकडून कोणी जात असेल त्याच्याबरोबर शेंगदाणे, फुटाणे, गूळ, जवसाची चटणी, मूग-मटकी, नाचणीचें पीठ धाडावें. एका गांवचीं चार मुलें एका खोलींत असतील, तर त्यांनीं पाळीपाळीनें रांधावें. मुलगा आहे म्हणून चुलीपासून सुटका नाहीं. मुगाची खिचडी आणि मटकीची उसळ शिकावयास कॉलेज लागत नाहीं. बापानें एकदां तरी जाऊन त्या मेसच्या ताटावर स्वतः जेवावें. म्हणजे डाळींत डाळ किती व पाणी किती, तें समजेल.

आणि फोनवर "जेवलास कां?" असें विचारूं नये. "आज काय जेवलास?" असें विचारावें. पहिल्या प्रश्नास "हो" म्हणून निसटतां येतें. दुसऱ्यास ताट दाखवावें लागतें.